लोडिंगचे स्टिकर : आठवीच्या एका वर्गातील छळाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात, पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित मराठी शाळेच्या सेमी-इंग्रजी तुकडीत घडले. त्या काळात मी या शाळेत आठवड्यातून एकदा समुपदेशक म्हणून जात होते. मुलाची आणि त्याच्या पालकांची संमती घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे टिपण लिहिले आहे. किशोरवयीन मुलांच्या छळाविषयी बोलताना धोक्याचे घटक आणि संरक्षक घटक अशी विभागणी नेहमी केली जाते, आणि हे घटक मुलाच्या अंगीच असतात, असे गृहीत धरले जाते. या प्रकरणात तेच मूल एका ठिकाणी सुरक्षित होते आणि तिथून दोन किलोमीटरवर असुरक्षित होते. त्यामुळे ही विभागणी मुलाच्या स्वभावाला लावायची की त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेला, हा प्रश्न प्रत्येक निर्णयाच्या वेळी उभा राहिला.

पार्श्वभूमी

मुलगा तेरा वर्षांचा. सातवीपर्यंत तो वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. वडील साखर कारखान्यात कामाला असून गाळपाच्या हंगामात त्यांची पाळी बदलत राहते. आई घरी शिवणकाम करते. आजोबा वारकरी आहेत, घरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो आणि मुलगा त्यांच्या शेजारी बसून टाळ धरतो.

मुलगा लहानपणापासून अडखळत बोलतो. अभंग म्हणताना मात्र तो कधीच अडत नाही. यात चमत्कार काही नाही. अडखळत बोलणाऱ्या बहुतेकांना गाताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना अडचण येत नाही. जुन्या शाळेत पटसंख्या कमी होती, सगळी मुले एकाच वाडीतली होती आणि त्यांनी त्याला पहिलीपासून असेच बोलताना ऐकले होते. तिथे त्याच्या अडखळण्याची दखल घ्यावी असे कुणाला वाटले नव्हते.

नव्या शाळेत वर्गात पन्नासच्या आसपास मुले होती आणि बहुतेकांची मैत्री पाचवीपासून जमलेली होती. तो एकटाच नवा होता. परिपाठाची पाळी गटागटाने येई आणि त्याच्या वाट्याला दिनविशेष वाचण्याचे काम आले. जुलैमधल्या एका सोमवारी पहिल्याच अक्षरावर तो अडला, बराच वेळ अडला, आणि रांगेतून हसू फुटले. परिपाठाचे चित्रीकरण करून ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची शाळेची पद्धत होती. त्या दिवशीचा व्हिडिओही नेहमीप्रमाणे टाकला गेला. तो टाकणाऱ्या शिक्षिकेच्या मनात वाईट हेतू नव्हता; तिने तो पूर्ण पाहिलाही नव्हता.

समस्या कशी वाढली

त्या व्हिडिओतली एक चौकट कापून कुणीतरी स्टिकर बनवले. उघडे तोंड, मिटलेले डोळे आणि खाली ‘लोडिंग…’ हा शब्द. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या खासगी क्लासचा एक ग्रुप होता, त्यात ते प्रथम आले. कुणी गृहपाठाचे उत्तर उशिरा दिले की ते स्टिकर पडायचे; क्लासचे सर सुट्टी कळवत, त्याखालीही ते पडायचे. पुढे त्याच व्हिडिओचा आवाज कापून, त्याला संगीत जोडून रील झाले आणि सप्टेंबरमध्ये मुलाच्या नावाने, त्याचाच फोटो लावून इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले गेले. त्या खात्यावरून वर्गातल्या मुलींना ‘हा-हा-हाय’ असे संदेश जाऊ लागले.

मुलाकडे स्वतःचा फोन नव्हता. क्लासच्या ग्रुपमध्ये आईचा नंबर होता, म्हणजे ज्या फोनवर ब्लाउजची मापे आणि गिऱ्हाइकांचे निरोप यायचे, त्याच फोनवर ही स्टिकरेही येत होती. आईने पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मुलांनी कौतुकाने लेकाचा फोटो लावला आहे, असे तिला वाटले आणि तिने खाली हसरा चेहरा टाकला. मुलाने तो पाहिला. घरी काही सांगण्याचा त्याचा मार्ग त्या क्षणी बंद झाला, असे त्याने पुढे मला सांगितले, आणि या प्रकरणातला हा सर्वांत नाजूक दुवा आहे असे मला वाटते. घरात प्रेम होते, विश्वास होता, संध्याकाळी एकत्र बसण्याची सवय होती. संरक्षक घटकांच्या कुठल्याही यादीत हे घर वरच्या क्रमांकावर आले असते. पण पडद्यावर काय चालले आहे हे त्या घराला वाचता येत नव्हते.

वर्गातही समांतर काही चालू होते. वर्गनायक हा हुशार, खेळात पुढे आणि शिक्षकांचा लाडका मुलगा. तासाच्या मध्यंतरात बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार त्याला होता. तो या मुलाच्या नावाचे पहिले अक्षर तीनदा लिहून मग नाव पूर्ण करायचा, आणि वर्ग हसायचा. इंग्रजीच्या तासाला प्रकट वाचन असे. मुलगा अडला की शिक्षक त्याचा शब्द स्वतः पुरा करून ‘पुढं, पुढं’ म्हणत. वेळ वाचवणे एवढाच त्यांचा उद्देश होता, पण या मुलाचे बोलणे मध्येच तोडायला हरकत नाही, हा धडा वर्ग त्यातून घेत होता.

नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळाची जी तीन लक्षणे सांगितली, म्हणजे हेतुपुरस्सरता, पुनरावृत्ती आणि बळातील असमानता, ती तिन्ही इथे होती. ऑनलाइन छळात दुसऱ्या लक्षणाचे रूप बदलते: स्टिकर बनवणाऱ्याने ते एकदाच बनवले, पुनरावृत्ती बाकीच्यांनी केली. आणि तिसरे लक्षण, निदान फळ्यापुरते, शाळेनेच निर्माण केले होते.

दर सोमवारी मुलाचे पोट दुखू लागले. गावातल्या डॉक्टरांनी औषधे दिली, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. त्याने एकदा क्लासच्या सरांना स्टिकरबद्दल सांगण्याचा प्रयत्न केला होता. ‘दुर्लक्ष कर, आपोआप थांबतात’ असे उत्तर मिळाले. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या चुलत बहिणीला ते खोटे खाते दिसले आणि तिने घरात वाचा फोडली. वडिलांनी संतापाच्या भरात आईच्या फोनवरून तो ग्रुपच काढून टाकला. त्यात पहिल्या दोन महिन्यांचा बराचसा पुरावा गेला. सुदैवाने बहिणीने खात्याचे स्क्रीनशॉट आणि दुवा आधीच जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी वडील आणि बहीण शाळेत आले, आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावले.

पहिली भेट

पहिल्या भेटीत दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, मुलाच्या जिवाला धोका आहे का. हा प्रश्न आडून विचारण्यात अर्थ नसतो. सरळ विचारल्याने मुलाच्या मनात नसलेला विचार पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. मी सरळ विचारले. मरण्याचा विचार नव्हता, शाळा सोडून कारखान्यावर कामाला जावे असा विचार होता. तरीही झोप, जेवण आणि एकटे राहणे यांवर लक्ष ठेवण्यास घरच्यांना सांगितले आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ व मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक त्यांच्याकडे दिले.

दुसरी गोष्ट फोनची. आता घरात फोन हाताला लावायचा नाही, असे आईने ठरवून टाकले होते. अशा वेळी पालकांची ही पहिली प्रतिक्रिया असते, आणि मुले काही सांगत नाहीत याचे एक मोठे कारणही हीच भीती असते. मुलाने तोंड उघडल्याची शिक्षा मुलालाच मिळणार नाही, एवढे आईकडून कबूल करून घेतले. फोन चालू राहिला. संध्याकाळी बहिणीसोबत तो पाहायचा, असे ठरले.

विचारात घेतलेले पर्याय

वडिलांची मागणी साधी होती: तिघांच्या हातात दाखले द्या. तोवर तीन नावे पुढे आली होती, वर्गनायक, स्टिकर बनवणारा मुलगा आणि खोटे खाते चालवणारा एक. मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि ही तिन्ही मुले आठवीतलीच होती. कायदा बाजूला ठेवला तरी, मुले शाळेबाहेर गेल्याने फोनमधले स्टिकर बाहेर जाणार नव्हते, आणि क्लासमध्ये तर ती मुले रोज भेटणारच होती.

पोलिसांत जाण्याचा पर्याय गंभीरपणे चर्चेला आला. वडिलांना कुणीतरी ‘सहासष्ट अ लावा’ असा सल्ला दिला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्दबातल ठरवले आहे, तरी ते अजून चहाच्या टपरीपासून कार्यालयांपर्यंत सर्रास सुचवले जाते. दुसऱ्याच्या नावाने वावरण्याविषयी याच कायद्यात इतर तरतुदी आहेत. पण करणारी मुले अठराच्या आतली असल्याने प्रकरण बाल न्याय कायद्याच्या चौकटीत गेले असते, आणि अतिगंभीर वर्गात न मोडणाऱ्या अशा प्रकारात सहसा गुन्हा नोंदवला जात नाही, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो. हा मार्ग बंद न करता राखून ठेवावा, असे ठरले: खाते पुन्हा उघडले किंवा धमकी आली, तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करायची. मजकुरात लैंगिक स्वरूपाचे काही असते तर हा निर्णय आमच्या हातात राहिलाच नसता, कारण पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. म्हणून मुलींना गेलेले सर्व संदेश आधी नीट तपासले. तसे काही आढळले नाही.

मुख्याध्यापकांचा कल समोरासमोर बसवून मिटवण्याकडे होता. चौघांना बोलवायचे, माफी मागायला लावायची, हात मिळवायला सांगायचे. आपल्याकडच्या शाळांत हाच मार्ग रुळलेला आहे आणि दोन बरोबरीच्या मुलांचे भांडण असेल तर तो चांगला आहे. इथे बरोबरी नव्हती. बोलताना अडणाऱ्या मुलाला, त्याच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्या तिघांसमोर, प्रौढांच्या देखत बोलायला लावणे म्हणजे परिपाठाचा प्रसंग पुन्हा उभा करणे होते. मी याला स्पष्ट विरोध केला.

एका शिक्षिकेने मनापासून सुचवले की मुलगा सुंदर अभंग म्हणतो, तर स्नेहसंमेलनात त्याला गायला लावू, सगळ्यांची तोंडे बंद होतील. ही सूचना ऐकायला गोड आहे, म्हणूनच ती धोक्याची आहे. गाता येते म्हणून त्याला छळू नये, असा तिचा अर्थ होतो. गाता न येणाऱ्याचे काय? मुलाला विचारले, तेव्हा त्याने मान हलवून नकार दिला आणि हा विषय तिथेच संपला.

पालकांना वाचा-उपचार हा मूळ उपाय वाटत होता. उपचार जरूर हवे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची नोंदणी केली. मात्र बोलणे सुधारले की छळ थांबेल, हा हिशेब आम्ही मान्य केला नाही. त्यात छळाची जबाबदारी मुलाच्या जिभेवर येते.

केलेली कार्यवाही

खोटे खाते हटवणे हे सर्वांत सोपे निघाले. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार, कुणाचे सोंग घेतलेल्या खात्याबद्दल संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने तक्रार आली, तर कंपनीने २४ तासांत पावले उचलणे अपेक्षित होते. बहिणीने वडिलांच्या ओळखपत्रासह तक्रार केली आणि खाते लवकरच बंद झाले.

शाळेच्या दर्शनी भागात सखी सावित्री समितीचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या शालेय समितीचा फलक होता, सदस्यांच्या नावांसह. २०२२ च्या शासन निर्णयानंतर तो लागला होता. समितीची बैठक मात्र त्यानंतर क्वचितच झाली होती. हे प्रकरण त्या समितीपुढे ठेवले, त्यामुळे निर्णय एकट्या मुख्याध्यापकांवर राहिला नाही. वर्गनायकाचे वडील पालक-शिक्षक संघात वजनदार होते. ‘पोरं आहेत, चेष्टा करणारच’ हे त्यांचे म्हणणे समितीने लिहून घेतले आणि त्यावर पुढे जाऊन निर्णय केला. बंद खोलीत दोघांच्याच बोलण्यात ते म्हणणे भारी पडले असते.

तिन्ही मुलांशी वेगवेगळे बोलणे झाले. स्टिकर बनवणारा मुलगा वर्गात सर्वांत बुटका होता आणि सहावीपासून त्याला त्यावरून चिडवले जात होते. नवा मुलगा आल्यावर लोकांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि ते तिकडेच राहावे, यासाठी त्याने स्टिकर बनवले, असे त्याच्या बोलण्यातून हळूहळू उलगडले. स्वतः छळ सोसलेली आणि दुसऱ्याचा छळ करणारी मुले ही या विषयातली सर्वांत अडचणीतली मुले असतात, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. त्याच्यासाठी माफीपत्राबरोबरच माझ्याकडे नियमित भेटी ठरल्या. वर्गनायकाला त्या पदावरून दूर केले. ही शिक्षा म्हणून जाहीर करावी की नाही यावर वाद झाला. शेवटी फळ्यावर नावे लिहिण्याची पद्धतच सर्व वर्गांतून बंद केली.

माझ्या मते सर्वांत निर्णायक काम उरलेल्या वर्गाबरोबर झाले. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की छळात करणारा आणि सोसणारा यांखेरीज मदतनीस, हसून प्रोत्साहन देणारे, बाजूला राहणारे आणि पाठराखण करणारे अशा भूमिका असतात. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या २००१ च्या निरीक्षणात, इतर मुले मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगांत छळ दहा सेकंदांच्या आत थांबल्याचे आढळले. तेव्हा वर्गशिक्षिकेने मुलाचे नाव न घेता प्रत्येकाकडून निनावी चिठ्ठी घेतली: ग्रुपवर कुणाची खिल्ली उडवणारे काही पाहिले तेव्हा तू काय केलेस, तुला कसे वाटले, आणि इतरांना कसे वाटले असेल? बहुतेकांनी स्वतःला आवडले नसल्याचे लिहिले होते, आणि जवळपास त्या सर्वांनीच इतरांना मजा वाटत असावी असेही लिहिले होते. हा निष्कर्ष वर्गाला वाचून दाखवला. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मग हसत कोण होतं?’ त्या तासाला कुणालाही उपदेश केला नाही.

इंग्रजीच्या शिक्षकांनी प्रकट वाचन दोघा-दोघांनी एकत्र करण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली. परिपाठातला भाग ऐच्छिक झाला. शब्द पुरा न करता थांबून ऐकणे त्यांना पहिल्या आठवड्यात फार जड गेले, असे त्यांनीच सांगितले.

परिणाम

दिवाळीनंतर सोमवारची पोटदुखी कमी झाली आणि हजेरी सावरली. मुलाला वर्गात एक मित्र मिळाला, तोही वाचनाच्या जोडीतून. एक जवळचा मित्र असलेल्या मुलाला छळाची झळ कमी लागते, हे माहीत असूनही शाळा मैत्रीला योगायोग समजतात. इथे ती बाकाच्या रचनेतून घडली. बोलणे अजून अडते. जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या गाळप हंगामात वडिलांना सुट्टी न मिळाल्याने अनियमित झाल्या.

स्टिकर मात्र परत घेता आले नाही. कुणाच्या फोनमध्ये साठवलेले स्टिकर दुसऱ्या कुणालाही पुसता येत नाही. जानेवारीत ते क्लासच्या ग्रुपवर पुन्हा आले. या वेळी दोन मुलींनी खाली ‘हे बंद करा’ असे लिहिले आणि ग्रुपच्या ॲडमिनने ते सर्वांसाठी काढून टाकले. मुलगा त्या क्लासला परत गेला नाही, आणि गणिताचा चांगला शिक्षक त्याने गमावला. त्याची भरपाई झालेली नाही. वर्गनायकाने उघड काही केले नाही. क्रिकेटच्या संघात मात्र या मुलाची निवड होत नाही, आणि त्यामागे खेळ किती आणि राग किती हे ठरवणे अवघड आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू छळ सुरू होण्याच्याही आधीचा होता. परिपाठाचा व्हिडिओ टाकण्यापूर्वी कुणी पाहिला असता, किंवा मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ मोठ्या ग्रुपवर टाकायचेच नाहीत असा नियम असता, तर कच्चा माल मिळाला नसता. शाळेने आता असा नियम केला आहे, पण तो तोंडी आहे आणि स्नेहसंमेलनात तो पाळला गेला नाही.

दुसरा बिंदू क्लासचा. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला देणारे सर दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे तक्रार घेऊन काय करायचे याची कुठलीच ठरलेली वाट नव्हती. शाळेला समिती आहे, तक्रारपेटी आहे, कायद्याची बंधने आहेत. संध्याकाळचे दोन तास तीच मुले जिथे बसतात तिथे यातले काही नाही. मुख्याध्यापकांनी क्लासचालकांना बैठकीला बोलावले असते, तर ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचे, एवढी साधी गोष्ट सप्टेंबरमध्येच झाली असती. ते शाळेच्या हद्दीबाहेर आहे, या कारणाने ती बैठक झाली नाही.

वर्गाबरोबरचे काम तिघांच्या चौकशीनंतर झाले. ते आधी झाले असते तर कदाचित तिघांची नावे वर्गानेच सांगितली असती, आणि चौकशीत जी अढी निर्माण झाली ती टळली असती. याविरुद्ध असेही म्हणता येते की आधी मुलाचे संरक्षण, मग वर्ग. मी अजूनही त्याच बाजूला झुकते, पण खात्रीने नाही.

सध्याची स्थिती

नववीत तुकड्या नव्याने पडणार असल्याने वर्षाच्या शेवटी समितीपुढे पुन्हा प्रश्न आला. तिघांनाही वेगळ्या तुकडीत टाकावे, असे वडिलांचे म्हणणे होते. मुलाला विचारल्यावर त्याने वर्गनायक नको असे सांगितले, मित्र हवा असे सांगितले, आणि स्टिकर बनवणाऱ्याविषयी ‘तो चालेल’ म्हणाला. समितीने तसेच केले. मुलाला आणि स्टिकर बनवणाऱ्याला एकाच तुकडीत ठेवण्याचा निर्णय वर्गशिक्षिकेला धाडसाचा वाटतो. पहिल्या चाचणीनंतर त्याचा आढावा घ्यायचा, आणि त्या आढाव्याला मुलाने हवे तर लिहून मत द्यावे, अशी नोंद बैठकीच्या वहीत आहे.